मनगटावरचं ‘९२५’ खरं की नुसताच ठसा? चांदीचं कडं घेण्याआधी हे वाचा

मागच्या जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर मामा मुखेडकडच्या गावाहून नांदेडला आला. पिशवीत फडक्यात बांधलेले दोन डाग होते. एक त्याचं स्वतःचं कडं, चार वर्षांपूर्वी घेतलेलं, जाडजूड, आतल्या बाजूला ठसठशीत ‘९२५’ कोरलेलं. दुसरे आज्जीचे तोडे. काळे पडलेले, झिजलेले, कुठेही ठसा नाही, आकडा नाही. खतं-बियाण्यांसाठी काहीतरी मोडायचं होतं. मामाचा हिशोब सरळ होता. कडं ‘९२५’चं आहे, त्याचे चांगले पैसे येतील. तोड्यांचं काही खरं नाही, मोडीत जे येईल ते.

सराफानं दोन्ही डाग कानशीनं एका कोपऱ्यात जरासे घासले आणि मशीनखाली ठेवले. कड्याचा टंच आला ६१. तोड्यांचा ८१ च्या वर.

कड्याचं वजन ५२ ग्रॅम. ठसा खरा असता तर त्यात ४८ ग्रॅम चांदी असायला हवी होती. होती ३१.७ ग्रॅम. किलोला दोन लाखांचा भाव धरला (२०२५ च्या डिसेंबरात चांदीनं हा टप्पा ओलांडला), तर हा सव्वातीन हजारांचा खड्डा. खताच्या दोन पोत्यांना पुरून उरतील एवढे पैसे त्या कड्यात कधी नव्हतेच. मामाकडे पावती नव्हती. विकणारा ‘ओळखीचा’ होता, एवढंच.

मराठवाड्यात चांदी हौसेपुरती नाही. सोनं परवडत नाही त्या घरात बचत म्हणजे चांदी. बारशाला वाळे, लग्नात जोडवी-पैंजण, जावयाला कडं, आणि अडल्या वेळी ते सगळं सराफाच्या काट्यावर. भाव पाच वर्षांत तिपटीच्या वर गेल्यावर कमी टंचाचा माल जास्त टंचाच्या भावात विकण्याचा मोहही तेवढाच वाढतो. म्हणून चांदीचं कडं, ब्रेसलेट घ्यायचं तर नेमकं काय बघायचं, ते सविस्तर.

आधी ‘९२५’ म्हणजे काय?

हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेले ७५ भाग दुसरा धातू, बहुतेक वेळा तांबं. यालाच ‘स्टर्लिंग सिल्व्हर’ म्हणतात. शुद्ध चांदी फार मऊ. तिचं ब्रेसलेट केलं तर कड्या ताणतील, कडं दाबलं की वाकेल. तांब्यानं तिला अंग येतं. म्हणजे ९२५ मध्ये तांबं असणं ही भेसळ नाही, ती गरज आहे. भेसळ तेव्हा, जेव्हा सांगितलं एक आणि निघालं दुसरं.

आपल्या बाजारात हेच ‘टंच’ या शब्दात मोजतात. ९२५ म्हणजे साडेब्याण्णव टंच. पैंजण, साखळ्या यांत साठ-सत्तर टंचाचा माल पूर्वीपासून चालत आलाय. त्याचं एक कारण झाळ. साखळीत शेकडो कड्या असतात, प्रत्येक सांध्याला झाळ लागते, आणि झाळेत चांदी कमी, तांबं-जस्त जास्त. सांधे जितके जास्त तितका सगळ्या दागिन्याचा सरासरी टंच खाली. साठ टंचाचं पैंजण साठ टंचाचं म्हणून, त्या भावात विकलं तर तक्रारीला जागा नाही. कडं मात्र एकसंध असतं, एखाददुसरा सांधा. ‘झाळेमुळे टंच उतरला’ ही सबब कड्याला लागू होत नाही.

आज्जीचे तोडे ८१ वर का थांबले?

हे कोडं मला त्या दिवशी सुटलं नव्हतं. सराफ म्हणाला, “हाली रुपयाचं काम दिसतंय.” घरी येऊन शोधलं तेव्हा गंमत कळली.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इथे संस्थानाचा स्वतःचा रुपया चालायचा, हाली शिक्का. या जुन्या चांदीच्या रुपयाचं वजन साधारण ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. त्याच काळात इंग्रजी मुलखातल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. पुढे १९४० मध्ये इंग्रजांनी तीही निम्म्यावर आणली. गावातला सोनार समोर बसून रुपये वितळवायचा आणि तोडे घडवायचा. त्यामुळे दागिन्याचा टंच नाण्याच्या टंचावर ठरायचा. आज्जीच्या तोड्यांवर ठसा नाही, पण ज्या नाण्यांतून ते झाले त्यांचा टंच सरकारनं ठरवलेला होता.

तुमच्या घरी जुने तोडे, वाळे, दंडकडी असतील आणि कुणी ‘हे ९२५ नाही, खोटं आहे’ म्हणून मातीमोल भाव सांगत असेल, तर हा आकडा लक्षात ठेवा. ८०-८२ टंच निघाला तर तो डाग खोटा नाही, निजामाच्या राज्यातला आहे. तांड्यावरच्या जुन्या दागिन्यांत तर रुपये तसेच कडी लावून ओवलेले असतात. ते वितळवायला देण्याआधी नाण्यावरचं साल तरी वाचून घ्या. काही नाण्यांना चांदीपेक्षा संग्राहकांकडे जास्त मोल असतं.

ठसा आणि हॉलमार्क यात फरक आहे

बहुतेक लोक इथेच फसतात. ‘९२५’ हा आकडा कोरायला फक्त एक पंच लागतो. तो कुणालाही विकत मिळतो, लोखंडावरही उमटतो, पितळेवरही. नुसत्या ‘९२५’ ला कायद्यानं हॉलमार्क म्हणत नाहीत.

हॉलमार्क म्हणजे भारतीय मानक ब्युरो, बीआयएसनं मान्यता दिलेल्या केंद्रात तपासून उमटवलेली खूण. हा शब्दही मोठा रंजक आहे. लंडनच्या सुवर्णकारांच्या ‘हॉल’मध्ये दागिने तपासून ‘मार्क’ मारायचे, त्यावरून आलेला. इंग्लंडच्या राजानं तपासलेल्या चांदीवर बिबट्याच्या तोंडाचा छाप मारायचा कायदा केला तो सन १३०० मध्ये. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली आणि चांदीचं २००५ साली सुरू झालं. दोन्ही ऐच्छिक. सोन्याचं जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. चांदीचं अजूनही ऐच्छिकच आहे.

मात्र १ सप्टेंबर २०२५ पासून एक महत्त्वाचा बदल झाला. चांदीच्या हॉलमार्कमध्येही सोन्यासारखा एचयूआयडी आला. आता नव्या पद्धतीनं हॉलमार्क केलेल्या चांदीच्या डागावर तीन गोष्टी दिसायला हव्यात. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह आणि त्यासोबत इंग्रजीत ‘सिल्व्हर’ हा शब्द. शुद्धतेचा आकडा, म्हणजे ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९०, ९९९ यांपैकी एक. आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, जो प्रत्येक डागाचा वेगळा.

यातलं खरं हत्यार तिसरं. फोनवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या, त्यात एचयूआयडी तपासण्याचा पर्याय उघडा आणि दुकानातच, पैसे देण्याआधी, तो कोड टाका. कुठल्या सराफाच्या नोंदणीवर, कोणत्या केंद्रात, कधी हॉलमार्क झाला, शुद्धता किती आणि डाग कोणत्या प्रकारचा, हे समोर येतं. शेवटची ओळ नीट वाचा. खरा कोड दुसऱ्याच डागावर उतरवणं अवघड नाही. ॲप म्हणतंय ‘अंगठी’ आणि तुमच्या हातात कडं, असं असेल तर तो डाग काउंटरवर परत ठेवा. कोड बारीक असतो, सराफाकडे भिंग असतं, मागायला लाजू नका.

सप्टेंबर २०२५ च्या आधी हॉलमार्क झालेल्या चांदीवर हा कोड नसणार. तो डाग खोटा असं नाही, पण ॲपवरून त्याची खातरजमा करता येणार नाही. तिथे पावती आणि टंच तपासणी हेच दोन आधार.

ऑनलाइन घेताना नावं वाचा

ऑनलाइन ब्रेसलेट शोधलं की पाचशे रुपयांत ‘सिल्व्हर’ सापडतं. साधा हिशोब करा. ३० ग्रॅमचं ब्रेसलेट, ग्रॅमला दोनशे रुपये, म्हणजे नुसती चांदीच साडेपाच हजारांची. पाचशेत ते कसं येईल?

नावातच सगळं लिहिलेलं असतं, फक्त आपण वाचत नाही. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणजे तांबं, निकेल, जस्त, त्यात चांदी शून्य. ‘अल्पाका’ हे त्याचंच दुसरं नाव. ‘सिल्व्हर प्लेटेड’ म्हणजे वरून चांदीचा मुलामा. ‘सिल्व्हर टोन’ म्हणजे नुसता रंग. ‘ऑक्सिडाइज्ड’ हा शब्द फक्त काळपट फिनिश सांगतो, खाली चांदी आहे की गिलीट ते सांगत नाही. ‘इटालियन’ हा डिझाइनचा प्रकार, शुद्धतेचा नाही. पानावर वजन ग्रॅममध्ये दिलेलं नसेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. चांदी वजनावर विकतात, फोटोवर नाही.

निकेलचा आणखी एक त्रास. काहींना त्याची ॲलर्जी असते, मनगटावर खाज, लाल चट्टे येतात. एप्रिल-मेमध्ये नांदेडच्या घामात तर जास्तच. ‘चांदी बाधते’ म्हणणाऱ्या कित्येकांना चांदी नाही, हे निकेल बाधत असतं.

घरगुती चाचण्या: कोणती कामाची, कोणती नाही

रीलवर दिसणाऱ्या चाचण्यांपैकी निम्म्या अर्धवट खऱ्या आहेत, म्हणून जास्त धोक्याच्या.

चुंबक घ्या. चांदी चुंबकाला चिकटत नाही. कडं खाड्कन चिकटलं तर आत लोखंड आहे, विषय संपला. पण चिकटलं नाही म्हणून ती चांदी ठरत नाही. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर, ॲल्युमिनियम यांतलं काहीच चिकटत नाही. उलटा गोंधळही होतो. खऱ्या ९२५ ब्रेसलेटचा हुक चुंबकाला हलकासा ओढला जातो, कारण त्यातली बारीक स्प्रिंग स्टीलची असते. तेवढ्यावरून सराफाशी भांडू नका. आणि नांदेडकरांना वेगळं सांगायला नको, गुरुद्वाराच्या रस्त्यावर मिळणारं लोखंडी कडं चुंबकाला चिकटतं, तेच त्याचं खरेपण. ते चांदी म्हणून कुणी विकत नाही, कुणी घेत नाही.

बर्फाची चाचणी. चांदीवर बर्फ झरझर वितळतो, हे खरं, कारण उष्णता वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंत पहिली. पण तांबं तिच्या जेमतेम मागे आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कड्यावरही बर्फ तसाच वितळेल. उघड्या डोळ्यांना फरक दिसणार नाही.

काळं पडणं. खरी चांदी काळी पडते की खोटी, यावर घराघरांत वाद. उत्तर असं, की खरी चांदीच काळी पडते. हवेतलं, घामातलं, कांदा-अंड्यातलं गंधक चांदीला लागून सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, तो काळा थर. किनवटच्या उनकेश्वरला गरम पाण्याच्या कुंडात चांदीचं कडं घालून उतरलात तर वर येताना ते काळवंडलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. तिथलं पाणी गंधकाचं. ९२५ मधलं तांबं या काळपटपणाला हातभारच लावतं. वर्षानुवर्षं जराही काळं न पडणारं कडं दिसलं तर दोन शक्यता. एक तर त्यावर ऱ्होडियमचा थर आहे, जो चांगल्या कंपन्या मुद्दाम देतात, किंवा ते स्टील आहे. मनगटावर हिरवट डाग मात्र तांब्याचा. ९२५ नंही कधी उमटतो, पण आठवड्यात रोजच उमटत असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

ॲसिडची चाचणी घरी करू नका. नायट्रिक ॲसिडचा थेंब तांबं जास्त असलेल्या धातूवर हिरवा होतो, हे खरं. पण तो थेंब बोटावर पडला तर दवाखाना गाठावा लागतो. आणि मुलाम्यावर टाकला तर तो मुलाम्याचंच उत्तर देतो.

आर्किमिडीज काकांची मदत

आता माझी आवडती चाचणी. इंजिनीअरिंगची चार वर्षं कुठेतरी कामाला यावीत म्हणून नाही, तर मामाचं कडं या चाचणीत घरबसल्या पकडता आलं असतं म्हणून.

प्रत्येक धातूची घनता ठरलेली. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६, जर्मन सिल्व्हर साधारण ८.७, स्टील ७.९ च्या आसपास. ९२५ चांदी-तांब्याची येते १०.३६. ही मोजायला लागतो एक छोटा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

कडं कोरडं करून वजन करा. मग काट्यावर हलका, रुंद प्लास्टिकचा डबा ठेवा, त्यात कडं आडवं बुडेल एवढंच पाणी घ्या आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणा. डबा आणि पाणी मिळून काट्याच्या क्षमतेच्या आत राहिलं पाहिजे. आता कड्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल असं हातानं धरा. तळाला नाही, काठाला नाही, कुठेच टेकवायचं नाही. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून काढा. काटा जो आकडा दाखवेल तो म्हणजे कड्यानं बाजूला सारलेलं पाणी. पहिल्या वजनाला या आकड्यानं भागा. आली घनता.

मामाचं ५२ ग्रॅमचं कडं खरंच ९२५ असतं तर पाण्यातला आकडा ५.०२ च्या आसपास आला असता. मी मोजला तेव्हा ५.२९ आला. भागिले, ९.८३. तांबं मिसळलेल्या ६१ टंच चांदीची घनता तेवढीच येते. त्याच वजनाचं जर्मन सिल्व्हर ५.९८ दाखवेल, स्टील साडेसहाच्या वर. फरक लपत नाही. ८० टंचाचं कडं मात्र ५.१३ दाखवतं, म्हणजे ९२५ पासून फक्त ०.११ चा फरक. तिथे हात हलला तर उत्तर हलतं, म्हणून पाच वेळा मोजा आणि सरासरी घ्या.

या चाचणीलाही भोकं आहेत. कडं पोकळ असेल, आत लाख भरलेली असेल, खडे असतील तर ती निरुपयोगी. आणि शिसं चांदीपेक्षा जड असतं, तांब्यासोबत ते योग्य प्रमाणात मिसळून घनता जुळवणारा महाभाग सापडू शकतो. पण मनगटावरच्या कड्यासाठी एवढा खटाटोप करणारा विरळाच. सर्रास फसवणूक स्वस्त तांब्या-जस्तानं होते आणि ती हा डबाभर पाण्याचा प्रयोग पकडतो.

मशीन सांगेल ते अंतिम का?

सराफाकडे असतं ते एक्सआरएफ मशीन. क्ष-किरण मारून धातू ओळखतं, डागाला धक्का लागत नाही, मिनिटात टंच स्क्रीनवर. पण ते बघतं फक्त वरचा थर, साधारण केसाच्या जाडीएवढा. त्याखाली काय दडलंय ते त्याला कळत नाही.

इथे एक जुनी युक्ती समजून घ्या. कमी टंचाचा डाग तापवून आम्लात उजळला की वरच्या थरातलं तांबं विरघळून निघून जातं आणि चांदी मागे राहते. डाग पांढराशुभ्र दिसतो आणि मशीनही आतल्यापेक्षा जास्त टंच दाखवतं. यात फसवणूक असेलच असं नाही, उजळणं हा घडणावळीचाच भाग आहे. पण म्हणूनच मामाच्या सराफानं आधी कानस मारली. तुम्ही टंच काढायला जाल तेव्हा आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, किंचित घासून मग मशीनखाली ठेवायला सांगा. दोन-तीन ठिकाणी मोजायला सांगा. हुक, सांधा आणि मधला भाग यांचे आकडे वेगळे येतात, मधल्या भागाचा धरा.

वाद कोर्टापर्यंत जाणार असेल तर बीआयएस मान्यताप्राप्त केंद्रात जा. तिथे डागातला थोडा भाग विरघळवून रासायनिक पद्धतीनं चांदी मोजता येते. त्यात डाग खर्ची पडतो, पण उत्तर पृष्ठभागाचं नसतं, आतल्या धातूचं असतं. शुल्क भरून सामान्य ग्राहकही तपासणी करून घेऊ शकतो, त्यासाठी सराफाची चिठ्ठी लागत नाही.

टंच खरा, पण काम कच्चं

शुद्धता बरोबर म्हणजे ब्रेसलेट चांगलं असं नाही. कड्याकड्यांच्या ब्रेसलेटमध्ये प्रत्येक कडी झाळून बंद केलेली आहे का, ते उजेडात धरून बघा. फटी राहिलेल्या असतील तर ओढणी अडकेल, हातावरचे केस ओढले जातील आणि एके दिवशी बसमध्ये ब्रेसलेट गळून पडेल. हुक दहा वेळा उघडझाप करा. पेचाचं कडं असेल तर पेच सैल नको, त्याच्या खाचेत धागा घालून बघा. पोकळ कडं अंगठ्यानं दाबलं की कळतं, आणि एकदा चेपलं की ते पूर्वीसारखं होत नाही. खडे असतील तर विचारा, वजनात धरलेत का? चांदीच्या भावात काचेचे खडे घेण्याचा शहाणपणा करू नका.

पावतीवर काय हवं

निव्वळ वजन, शुद्धतेचा आकडा, त्या दिवसाचा भाव, घडणावळ वेगळी, हॉलमार्क असेल तर त्याचं शुल्क वेगळं, आणि ३ टक्के जीएसटी. ‘चांदी कडं १ नग’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी पुढे काही कामाची नाही. ‘जीएसटी वाचवू’ म्हणत पक्क्या पावतीला फाटा देणं लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या जुन्या सराफ्यापर्यंत कुणालाच नवीन नाही. आठ हजारांच्या कड्यावर वाचतात दोनशे चाळीस रुपये, आणि जातो तक्रारीचा हक्क.

मोडीचा नियम खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा. परत आणलं तर किती टंच धरणार, घट किती कापणार, आणि ते पावतीवर लिहून देणार का? जो दुकानदार ९२५ म्हणून विकतो आणि मोडीला ‘आम्ही सत्तरच धरतो’ म्हणतो, त्यानं विकतानाच खरं सांगितलं आहे, फक्त तुम्ही विचारलं नव्हतं.

हॉलमार्क केलेला डाग सांगितल्यापेक्षा कमी निघाला तर बीआयएसच्या २०१८ च्या नियमांनुसार, कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचं शुल्क ग्राहकाला मिळतं. ४० ग्रॅमचं ९२५ कडं ६० टंचाचं निघालं तर १३ ग्रॅम चांदीचा फरक, दोनशेच्या भावानं २६०० रुपये, भरपाई ५२००. तक्रार ‘बीआयएस केअर’ ॲपवरूनच करता येते. हॉलमार्क नसेल पण पावतीवर ९२५ लिहिलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

मग सक्ती का नाही?

सोन्याला सक्ती आणि चांदी ऐच्छिक, याचं समर्थन असं केलं जातं की चांदीचे डाग लहान, स्वस्त आणि लाखोंनी. हुपरीत, खामगावात घराघरांतून काम चालतं. दोन ग्रॅमच्या जोडव्यांवर सहा अक्षरं कोरायला जागा कुठे, आणि खर्च कुणी सोसायचा? मुद्दा खोटा नाही. पण सोन्यातही दोन ग्रॅमच्या आतले डाग आणि वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेले सराफ सक्तीतून वगळलेलेच आहेत. तशीच वजनाची रेघ चांदीत ओढता येईल. जोडवी-पैंजण सोडा, पण वीस ग्रॅमच्या वरचं कडं, ब्रेसलेट, तोडे यांना सक्ती करायला काय हरकत आहे? चांदीच्या एका डागाच्या हॉलमार्किंगचं शुल्क २०२२ मध्ये ३५ रुपये अधिक जीएसटी ठरवलं होतं. दहा हजारांच्या कड्यात ते कुणाला जाणवणारही नाही.

चांदी ‘स्वस्त’ होती तोवर ही ढिलाई खपून गेली. आणि सोन्याचा ग्राहक प्रश्न विचारतो, त्याच्याकडे पावती असते, वकील असतो. चांदीचा ग्राहक माळेगावच्या यात्रेत पोराला वाळे घेणारा, दिवाळीला जावयाला कडं करणारा शेतकरी आहे. ऐच्छिक हॉलमार्कचा अर्थ त्याच्यासाठी एवढाच, की विचारलं तर मिळेल. आणि विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मामानं कडं ६१ च्या भावानं मोडलं. कमी पडलेले पैसे आईनं दिले. तोडे मोडायचे की नाही यावर दोघांत थोडी वादावादी झाली, मग आज्जीला फोन लावला. ती म्हणाली, ते माझ्या सासऱ्यानं रुपये मोजून केलेत, कशाला तपासता. तोडे परत त्याच फडक्यात बांधून गावी गेले.